गोळीआधी हाक

श्रोतेहो, नमस्कार.

पेंटबॉल म्हणजे रंगाने भरलेल्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करायचा खेळ. त्याचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकरच्या जंगलात झाला. बारा जण उतरले होते, आणि जो तो स्वतःपुरता खेळत होता. हातात होती ती झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं. जिंकले रिची व्हाइट. पेशाने वनतज्ज्ञ. एकही गोळी न झाडता त्यांनी हवे ते सगळे झेंडे मिळवले!

आजच्या सांघिक पेंटबॉलमध्येही एखादा खेळाडू गोळी न झाडता पार पुढे जाऊन पोहोचतो. पण तो पोहोचतो, कारण मागे कुणीतरी त्याच्यासाठी अखंड गोळ्या झाडत असतं. या दोघांना बांधून ठेवतो तो आवाज, आणि मला आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

पाच जणांचा संघ घ्या. शिट्टी वाजली की पुढचे दोघे आपापल्या बाजूच्या बंकरकडे, म्हणजे मैदानातल्या आडोशाकडे, धाव घेतात. मागचे तेव्हा समोरच्या माणसावर नेम धरत नाहीत. ते धरतात दोन बंकरांमधली मोकळी फट. याला 'लेन धरणं' म्हणतात. गोळीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त तीनशे फूट, म्हणजे साधारण नव्वद मीटर. हवेत तो झपाट्याने कमी होतो, म्हणून धावत्या माणसावर नेम धरला तर गोळी पोहोचेपर्यंत तो आडोशामागे गेलेला असतो. फटीत आधीच गोळ्या चालू असतील, तर तो आपल्या पायांनी त्यांच्यात येतो.

आता थोडा हिशेब करू. मार्करमधून, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीतून, सेकंदाला दहा गोळ्या सुटतात असं धरा. जोरात पळणारा माणूस सेकंदात सहा मीटर कापतो, म्हणजे दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात साठ सेंटिमीटर. वाकून पळणारं अंग तेवढ्यात निसटू शकतं. म्हणून महत्त्वाची फट दोघांनी मिळून धरायची. हे सामन्याआधी, मैदानात फिरून, प्रत्येक बंकरमागे स्वतः गुडघे टेकून ठरवायचं. हा फेरफटका टाळणारे संघ पहिल्या दहा सेकंदांतच माणसं गमावतात, असं माझं ठाम मत आहे.

पुढचा खेळाडू बंकरमागे दबून असतो. त्याला दिसतं फार थोडं. मागच्याला मैदान दिसतं, पण तो लांब असतो. मधला खेळाडू या दोघांतला दुवा. पुढच्याची हाक मागे पोहोचवायची, मागचा निरोप पुढे द्यायचा, आणि पुढचा बाद झाला की त्याची जागा घ्यायची. चांगल्या संघात हे काम सगळ्यात थंड डोक्याच्या माणसाकडे असतं. नेमबाजी त्यानंतर.

निरोप छोटा हवा. 'तिकडे आहे बघ' या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. बंकरचं नाव आणि त्याची कुठली बाजू, बस्स. ऐकणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे पोहोचलं हे कळतं. गोळ्या संपत आल्या की 'भरतोय!' असं ओरडायचं. जोडीदार तेवढा वेळ त्याचीही फट सांभाळतो. पुढे सरकायचं असेल तर आधी सांगायचं, मागून मारा सुरू झाला की मगच निघायचं. समोरचा डोकं खाली घालतो ते दोन-तीन सेकंदच आपले असतात.

आकडाही ओरडत राहायचा: समोरचे किती बाद झाले. आपण चार आणि ते दोन, हे सगळ्यांना एकदम कळलं, तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढाई करता येते. एकट्यालाच कळलं तर तो एकटाच पळतो आणि रंग लावून घेतो.

आणि एक नियम फार कडक आहे. रंग लागला, की हात वर करून मुकाट मैदानाबाहेर जायचं. बाद खेळाडूने सोबत्यांना काहीही सांगायचं नाही. म्हणून समोरचा कुठे आहे हे तुम्हाला दिसलं असेल, तर त्याच क्षणी ओरडा.

नमस्कार.