कोल्हा कशासाठी मारायचा?

मित्रहो, १८०९ साली इंग्लंडमध्ये एका जमीनदाराने शिकारी मंडळींवर दावा लावला. अर्ल ऑफ एसेक्स विरुद्ध केपल असा तो खटला. तक्रार साधी होती: हे लोक घोडे आणि कुत्री घेऊन माझ्या रानातून न विचारता जातात. समोरच्यांचा बचाव असा की कोल्हा हा उपद्रवी प्राणी आहे, त्याला मारण्यात सगळ्यांचंच हित आहे, तेव्हा त्याच्या मागे कुणाच्याही जमिनीत शिरायला कायद्याची मुभा आहे. हा बचाव हवेतला नव्हता. १७८६ मध्ये गंड्री विरुद्ध फेल्टम या खटल्यात न्यायालयाने तो मान्यही केला होता. पण या वेळी न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी ज्युरीला वेगळंच विचारलं. ही मंडळी खरोखर उपद्रवी प्राणी मारायला आली होती, की स्वतःच्या करमणुकीला? करमणुकीला आली असतील तर हा बचाव त्यांना घेता येणार नाही. निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला.

दोनशे वर्षं उलटून गेली, तरी इंग्लंडमधला वाद याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. शेताच्या आणि जनावरांच्या राखणीसाठी कधीकधी रानातला प्राणी मारावा लागतो, हे मला मान्य आहे. मी यवतमाळकडच्या शेतकरी घरातली आहे. पीक गेल्यावर घरात काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. पण ज्याला राखणीचं नाव घेऊन मारायचं आहे, त्याने राखणीच्या कसोट्याही मानल्या पाहिजेत. नुकसान खरं आहे का? मारल्याने ते कमी होतं का? कमीत कमी यातना देऊन मारलं जातं का? आणि गरज संपली की हात थांबतो का? इंग्लंडची घोड्यावरची कोल्ह्याची शिकार या कसोट्यांवर उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता ही शिकार चालायची कशी, ते जरा जवळून पाहू. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. शिकारीच्या आदल्या रात्री एक माणूस कंदील आणि फावडं घेऊन रानात जायचा. कोल्हा रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. तो बाहेर असतानाच त्याच्या बिळांची तोंडं माती आणि काटक्या कोंबून बुजवून टाकायची, हे त्या माणसाचं काम. या कामाला तिथे रीतसर नेमलेली माणसं असत. उजाडता उजाडता कोल्हा परत येतो तर घराचं दार बंद. मग तो जवळच्या झुडपात अंग चोरून पडतो. सकाळी तीस-चाळीस हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, त्या झुडपात सोडायचे, शिंग फुंकायचं, आणि कोल्हा उघड्यावर पळाला की मैलोन्‌मैल त्याचा पाठलाग.

मी तुम्हाला विचारते, कोल्हा मारणं हाच हेतू असता तर बिळं कशासाठी बुजवायची? बीळ ही तर तो हमखास सापडण्याची जागा. ती बुजवायची कारण तो लवकर बिळात शिरला तर दौड संपते, आणि माणसं आलेली असतात ती दौडीसाठी.

हे एवढंच असतं तरी मी फार जोर दिला नसता. पण इतिहास याहून स्पष्ट बोलतो. एकोणिसाव्या शतकात काही भागांत कोल्हे कमी पडायला लागले, तेव्हा शिकारी मंडळांनी युरोप खंडातून जिवंत कोल्हे आणवले. लंडनच्या लेडनहॉल बाजारात ते विकले जायचे. कोल्ह्यांना आडोसा मिळावा म्हणून मुद्दाम झुडपं लावली गेली, विटांची आणि नळांची कृत्रिम बिळं बांधली गेली. एखाद्या जमीनमालकाने आपल्या रानात कोल्ह्याला गोळी घातली, तर गावच्या प्रतिष्ठित वर्तुळात त्याला कुणी जवळ करीत नसे. आणि कोंबड्यांसाठी वेगळा निधी असे. कोल्ह्याने शेतकऱ्याच्या कोंबड्या नेल्या की शिकारी मंडळ भरपाई द्यायचं, कारण भरपाई मिळाली की शेतकरी बंदूक काढत नाही. म्हणजे ज्याला कीड म्हणायचं, त्यालाच पैसे मोजून जगवायचं. कीड-नियंत्रणाचा दावा इथेच ढासळतो.

याचा अर्थ शेतकऱ्याचं दुःख खोटं होतं, असा कुणी काढू नये. कोल्हा खुराड्यात शिरला तर सकाळी काय दिसतं, ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा. वीस कोंबड्या असतील तर वीसही मेलेल्या, आणि नेलेली एक. लोक म्हणतात, हा नुसता क्रूरपणा. खरं कारण वेगळं आहे. रानात एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात. खुराड्यात उडायला जागाच नसते. समोर फडफडाट चालू आहे तोवर कोल्ह्याची मारण्याची प्रेरणा थांबत नाही. संधी मिळाली तर तो एकेक नेऊन मातीत पुरून ठेवतो, पुढच्या दिवसांसाठी. पण हे शास्त्र समजल्याने त्या बाईच्या वीस कोंबड्या परत येत नाहीत. तिला राग येतो तो रास्तच आहे. तिला हवी असते ती मजबूत जाळी, अंधार पडायच्या आत बंद होणारं दार, आणि तरीही तोच कोल्हा रोज येऊ लागला तर नेम धरणारा एक शांत डोक्याचा माणूस. घोड्यांची रांग तिच्या काय कामाची?

कोकरांचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे. २००० साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने या शिकारीबद्दल सरकारला अहवाल दिला. मला हा अहवाल फार मोलाचा वाटतो, कारण तो कुणालाच पूर्ण खूश करीत नाही. कोल्ह्यांमुळे जाणारी कोकरं दोन टक्क्यांच्याही आत, असं त्यात म्हटलं आहे. बहुतेक कोकरं थंडी, उपासमार आणि रोग यांनी जातात. पण सरासरीला एका शेतकऱ्याचं घर दिसत नाही. वेल्सच्या डोंगरात, जिथे मेंढ्या उघड्यावरच वितात, तिथे एखाद्या कळपाचं नुकसान मोठं असू शकतं. अशा डोंगराळ भागात कोल्हे आवरण्याची गरज जास्त आणि कुत्र्यांना पर्याय कमी, हेही समितीने मोकळेपणाने लिहिलं. सखल भागातल्या धान्याच्या शेतीत मात्र चित्र उलटं आहे. तिथे कोल्हा ससे खातो, ससे पीक खातात. कित्येक शेतकऱ्यांना कोल्हा असलेला परवडतो. आणि घोड्यावरची भपकेदार शिकार मुख्यतः होती ती याच सखल भागात.

आकडेही पाहा. ब्रिटनमध्ये प्रौढ कोल्हे सुमारे दोन लाख चाळीस हजार आणि दर वसंतात जन्मणारी पिल्लं सव्वाचार लाखांच्या आसपास, असा अंदाज त्या काळी धरला जाई. इंग्लंड-वेल्समधली दोनशेच्या आसपास नोंदणीकृत शिकारी मंडळं वर्षाला २१ ते २५ हजार कोल्हे मारत. बाकीचे मरत ते मोटारींखाली, बंदुकीने, फासात, रोगाने. मग २००१ साली जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि शिकार जवळजवळ दहा महिने बंद राहिली. ठरवून कुणी असा प्रयोग केला नसता, तो साथीने करून दिला. ब्रिस्टल विद्यापीठाचे स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चौरस किलोमीटरचे १६० तुकडे बंदीपूर्वी आणि बंदीनंतर तपासले आणि निष्कर्ष २००२ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात छापला. कोल्ह्यांची संख्या वाढल्याचं आढळलं नाही. ज्या उपायाने संख्येवर परिणामच होत नाही, त्याला नियंत्रण कसं म्हणायचं?

यातनांचा मुद्दा उरतो, आणि शिकारीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद तोच आहे. ते म्हणतात, हाउंडने गाठलं की काही सेकंदांत मृत्यू. त्यापेक्षा चुकलेल्या छऱ्यांनी जखमी होऊन चार दिवसांनी मरणं वाईट. बहुतेक वेळा शेवट काही सेकंदांत होतो, हे बर्न्स समितीनेही मान्य केलं. पण पाठलाग, गाठला जाणं आणि मारलं जाणं यांत कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोचते, हेही तिनेच म्हटलं. फास आणि दिवसाची छऱ्याची बंदूक यांना तिने चांगलं प्रशस्तिपत्र दिलं नाही. रात्री प्रखर दिवा मारून, सरावलेल्या माणसाने रायफलने टिपणं हा त्यातल्या त्यात कमी यातनेचा मार्ग ठरला. म्हणूनच शिकारीवर बंदी मागणाऱ्यांनाही मी एक गोष्ट सांगू इच्छिते. कुत्री थांबवलीत आणि फास चालू ठेवलात, तर कोल्ह्यासाठी तुम्ही काय केलंत? वेल्सने २०२३ मध्ये फासावर बंदी आणली, स्कॉटलंडने त्यानंतर. इंग्लंडमध्ये तो अजून कायदेशीर आहे.

आणखी एक बोलायलाच हवं. शिकारीच्या विरोधकांपैकी काहींना कोल्ह्याबद्दल कळवळा कमी आणि घोडेस्वार शिकाऱ्यांच्या लाल कोटाबद्दल राग जास्त असतो. वर्गाचा राग समजू शकतो, पण प्राण्याच्या प्रश्नात तो कामाचा नाही. खेड्यातल्या लोकांचं या मंडळांशी नातं होतं. शेतात मेलेलं जनावर उचलून न्यायचं कामही तीच करत. २००२ च्या सप्टेंबरात चार लाख माणसं शिकारीच्या बाजूने लंडनच्या रस्त्यांवर उतरली ती सगळीच काही श्रीमंत नव्हती.

कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदीचा कायदा झाला २००४ मध्ये, वरिष्ठ सभागृहाचा विरोध डावलून, आणि लागू झाला १८ फेब्रुवारी २००५ पासून. पण त्यातली एक सवलत वाचून मी थक्क झाले. कुत्र्यांनी कोल्ह्याला उठवून बंदुकीसमोर आणायला दोन कुत्र्यांपर्यंत परवानगी आहे, हे ठीक. बिळात टेरिअर, म्हणजे बिळात शिरणारं छोटं कुत्रं, सोडायची परवानगी मात्र कुणासाठी, तर बंदुकीने टिपण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांचं रक्षण करणाऱ्यांसाठी. कोकरं राखणाऱ्या मेंढपाळाला ती नाही. म्हणजे शिकारीविरुद्धच्या कायद्यानेही एक शिकार वाचवण्यासाठी दुसरी चालू ठेवली आणि ज्याची खरी गरज त्याला बाहेर ठेवलं. अनेक मंडळांनी त्यानंतर आधी टाकून ठेवलेल्या वासावर कुत्री धावडवण्याचा मार्ग धरला. या वासामागे अनेकदा खरा कोल्हा असतो, असा आरोप सतत होत आला. या आडपडद्याने बेकायदा शिकार करण्याचा सल्ला दिल्याबद्दल एका पदाधिकाऱ्याला २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं. २०२२ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला. २०२४ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने असल्या धावडवण्यावरही बंदीचं वचन दिलं. माझ्या मते ते पाळलं पाहिजे.

आता आपल्याकडे वळते, आणि ओढूनताणून नाही. ही शिकार इंग्रजांनी इथेही आणली होती. पुण्या-खडकीच्या छावणीत हाउंडांचा तांडा होता, उटीला तर मोठाच; इंग्लंडचा लाल कोल्हा तिथे नाही म्हणून आपल्या कोल्ह्यामागे घोडे पळवले जात. त्यात कुणाच्या शेताची राखण नव्हती.

राखणीचा प्रश्न आज वेगळ्या रूपात आपल्या दारात उभा आहे. विदर्भात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं रात्रीतून हरभऱ्याचं शेत उद्ध्वस्त करतात. माणसं थंडीत जागलीला जातात. कुणी कुंपणाला हलका धक्का देणारं झटका मशीन बसवतो; कुणी नाइलाजाने थेट वीज तारेत सोडतो, आणि मग जनावरही मरतं, माणूसही मरतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं ११ वं कलम उभ्या पिकाला धोका असेल तर मारण्याची परवानगी देतं, पण लेखी आणि कारण नमूद करून. ही अट कागदी अडचण आहे असं मला वाटत नाही. एलनबरोंनी विचारलेलाच प्रश्न त्यात आहे.

बिहारमध्ये केंद्राने नीलगाईला उपद्रवी घोषित केलं आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. देशभर वाद झाला, केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर खटका उडाला. वाद सगळा मेलेल्या जनावरांच्या आकड्यावर होता. पुढच्या रब्बीत त्या भागातल्या शेतांत पीक किती वाचलं, हे कुणी विचारलं नाही, आणि खरं तर शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

म्हणून परवानगी देताना चार गोष्टी कागदावर याव्यात: कोणत्या गटात नुकसान झालं त्याचा पंचनामा, किती प्राणी, कोणत्या मुदतीत, आणि कोण मारणार. मुदत संपल्यावर वनरक्षकाने परत त्याच बांधावर यावं आणि पीक पाहावं. भरपाई हंगामातच हातात पडली तर निम्म्या बंदुका उचलल्याच जाणार नाहीत, असा माझा विश्वास आहे. एवढं करून माझ्या गावच्या शेतकऱ्याला रोही मारावाच लागला, तर मी त्याच्या बाजूने बोलेन. त्याच परवान्याच्या आडोशाने शहरातून कुणी जीप घेऊन हौसेने आला, तर त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायलाही मीच जाईन.