मुक्कामी गाडीची सकाळ

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त एसटी वाहकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘सकाळच्या चांगल्या सवयी’ असं छापलंय. ते वाचून आमची मुलगी हसली. म्हणाली, बाबा, रिटायर झाल्यावर सहा महिने तुम्ही नऊला उठत होता, तेही सांगणार का? सांगतो की. पण आधी गाडीचं सांगू द्या.

मी एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होतो. त्यातली निम्मी वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. तरुण पोरं बसलीत म्हणून सांगतो, मुक्कामी गाडी म्हणजे रात्रीची शेवटची फेरी करून गावातच थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी. दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टात तारीख असलेले, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांचा दिवस तिच्यावर. आमची पावणेसहाला सुटायची. पाच मिनिटं इकडचं तिकडं झालं की पुढच्या स्टँडवर लोकांची पुण्याची गाडी चुकायची, आणि मग शिव्या कोणाला, तर कंडक्टरला.

माझ्याबरोबर एक जुने ड्रायव्हर होते. रात्री नऊला गाडी गावात पोचायची. पोटात कावळे ओरडत असायचे. पण शेवटचा पॅसेंजर उतरला की ते आधी गाडी वळवायचे. पारापुढची जागा ती केवढी! मी मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ करत पत्र्यावर थापा मारायचो. चार वेळा मागेपुढे करून गाडीचं तोंड परतीच्या रस्त्याला आणि चाकं उताराला. सकाळी बॅटरी बसली तर उतारावर सोडून गिअर टाकता यावा म्हणून. मग चाकाखाली दगड, आणि मग जेवण. मी नवा होतो. म्हणायचो, ‘अहो, सकाळी वळवू की, भाकरी गार होतीय.’ ते म्हणायचे, ‘सकाळी माणूस अर्धा झोपेत असतो. त्याच्यावर काम सोपवू नये.’

मीही मग शिकलो. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, रात्रीच पुरं करायचं, रोकड मोजायची, तिकिटांचा ट्रे उशाशी, तिकिटाला भोक पाडायचा पंच ट्रेमध्ये. एकदाच कंटाळा केला. पहाटे पॅसेंजर गाडीत बसलेत, आणि मी देवळाच्या ओसरीवर बॅटरी घेऊन पंच शोधतोय. दहा मिनिटांनी सापडला, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. त्या दिवशी वरातीच्या घोड्यासारखी गाडी गेली, सगळीकडे उशिरा.

आता रिटायर झाल्यावरची गोष्ट. पावणेसहाची गाडी गेली तशी माझी सकाळही गेली. रात्री एकपर्यंत मोबाइल, उठायचं नऊला, उठल्या उठल्या पुन्हा मोबाइल. डोकं जड. चहा घेतला तरी चिडचिड. ‘उद्यापासून पाचला उठणार’ असं किती वेळा ठरवलं, विचारू नका. मग एक दिवस लक्षात आलं, अरे, आपण गाडी रात्री वळवतच नाही आहोत!

तेव्हा पहिलं काम केलं ते एवढंच. मोबाइलचा चार्जर बाहेरच्या खोलीत नेला आणि तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं. चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या. हसू नका, खरंच ठेवतो. दुसरं, नवीन सवय जुन्या सवयीला बांधली. पेपर टाकणारा मुलगा साडेसहाला येतो आणि पेपर उचलायला मी खाली जातोच. ठरवलं की पेपर काखेत मारायचा आणि तसंच नाक्यापर्यंत जाऊन यायचं. चार दिवस गेलो, पाचव्या दिवशी पाऊस. खाडा.

इथेच बहुतेकांचं मोडतं. कोणीतरी सांगितलेलं असतं, २१ दिवस सलग केलं की सवय लागते. हा आकडा मोठा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर पेशंटला आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस लागतात. झालं, ‘कमीत कमी’ गळालं आणि आकडा उरला. पुढे २०१० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा अभ्यास आला. ९६ माणसं, प्रत्येकाने रोजची एक छोटी गोष्ट निवडलेली. ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ लागले, तर कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांवर गेला. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की एखादा खाडा पडल्याने फारसं काही बिघडलं नाही. हजेरीपटावर एक लाल रेघ आली म्हणून कोणी नोकरी सोडतं का?

मला स्वतःला काय लागू पडलं म्हणाल, तर उजेड. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते सकाळच्या उजेडावर लागतं. या घड्याळाच्या कामावर २०१७ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, तेही फळमाश्यांवर केलेल्या कामाला. ढगाळ सकाळसुद्धा घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट उजळ असते. म्हणून खिडकीत बसून पेपर वाचणं वेगळं आणि नाक्यापर्यंत जाणं वेगळं.

आणि पाचचा हट्टही धरू नका. आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबईचा सूर्य त्याहून ३९ मिनिटं मागे चालतो, म्हणून तर मुंबईची जुनी वेळ तेवढीच मागे असायची. नागपूरकराची सकाळ मुंबईकराच्या आधी साधारण २५ मिनिटं होते. आमच्या साताऱ्याकडे जूनमध्ये सहाला उजाडलेलं असतं, जानेवारीत सूर्य दिसायला सात वाजून जातात. ब्राह्ममुहूर्तावर उठावं असं आयुर्वेदाच्या वाग्भटाने सांगितलंय, खरंय, पण त्या श्लोकात ‘स्वस्थ’, म्हणजे निरोगी माणसाने, असा शब्द आहे. रात्री एकला झोपून चारला उठणारा कसला स्वस्थ?

मघाशी एक ताई म्हणाल्या, ‘काका, आमची सकाळ आमची असते कुठे? पाणी साडेपाचला येतं, सातला डबे.’ ताई, तुम्ही म्हणालात ते मला लागलं. मी ३२ वर्षं पहाटे वेळेवर उठलो याचा मला अभिमान. पण घरी असेन तेव्हा माझी चार वाजताची भाकरी कोण बांधून देत होतं? बायको. ती साडेतीनला उठायची. माझ्या शिस्तीची हजेरी कुणीतरी दुसरंच लावत होतं. हे कळायला मला रिटायर व्हावं लागलं, काय सांगू.

त्यामुळे आता आमच्या घरातली गाडी रात्री मी वळवतो. पाण्याची भांडी रिकामी करून नळाखाली लावतो, नातीची बाटली घासून उपडी ठेवतो, सकाळची भाजी निवडून ठेवतो. बायको सहाला उठते. पहिले काही दिवस ती तरीही साडेचारला जागी व्हायची आणि पडून राहायची. अजूनही कधीमधी होते.

साडेआठ होत आले. प्रश्न अजून असतील, पण नातीची उद्या सकाळची शाळा आहे आणि गवार अजून पिशवीतच आहे. येतो.