मोंतोने : टेकडीवरचं गाव आणि माणगावचा नाईक

खाली टायबर नदीचं वरचं खोरं. वर टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर तटबंदीच्या आत दाटीनं वसलेलं हे मोंतोने. मध्य इटलीतला उंब्रिया प्रांत, पेरूजाच्या उत्तरेचा हा डोंगराळ मुलूख. वस्ती दोन हजारांच्याही आतली.

गावाला जुन्या वेशी तीन : बोर्गो, मोंते आणि व्हेर्झिएरे. वेशीगणिक एक मोहल्ला. ऑगस्टमध्ये तिन्ही मोहल्ले मध्ययुगीन पोशाखात उतरतात आणि त्यांच्यात चुरस लागते. निमित्त असतं एका काट्याचं. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून पूजला जाणारा हा काटा कार्लो फोर्तेब्राच्चोनं १४७३ साली गावाला दिला. तुर्कांविरुद्ध व्हेनिसच्या बाजूनं लढल्याबद्दल त्याला तो मिळाला होता.

कार्लोचा बाप ब्राच्चो दा मोंतोने हा या घराण्याचा खरा मोठा माणूस. पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी लढणारे सरदार त्या काळी इटलीत पुष्कळ. हा मात्र १४१६ साली पेरूजाचा धनी झाला, पुढच्याच वर्षी त्यानं काही आठवडे रोमही ताब्यात ठेवलं. १४२४ साली लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो गेला. पुढं या घराण्याचं पोपशी वैर वाढलं आणि १४७८ मध्ये गावातला त्यांचा किल्ला पाडला गेला.

संत फ्रान्सिसचं हे गॉथिक चर्च, आता संग्रहालय. इथली चित्रं घाई न करता पाहावीत. बार्तोलोमेओ कापोरालीचं हे १४८२ सालचं चित्र : मूल ओढून न्यायला आलेल्या सैतानावर मेरीमाता दंडुका उगारते आहे.

आणि ही सूर्यघडी. गावानं आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी २०२३ च्या जुलैत उभारलेली. तिला नाव दिलंय यशवंत घाडगे यांचं.

रायगडातल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. वय बावीस. दुसरं महायुद्ध चालू होतं. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यावरच्या चढणीत त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून जर्मन मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उरले एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पाडले. आणखी एकाला टॉमी गननं टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांवर बंदूकच उलटी धरून तुटून पडले. ते दोघंही संपले. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी घाडगे तिथंच कोसळले.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर.

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान कामी आले.

सूर्यघडीवरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. परक्या मुलखातल्या एवढ्याशा गावानं आपल्या माणसाची आठवण ठेवली. फ्लोरेन्स पाहून रोमला निघणाऱ्या मराठी माणसानं वाट थोडी वाकडी करावी. पेरूजाच्या उत्तरेला उंबेर्तिदे लागतं, तिथून मोंतोनेची चढण जवळच आहे.