जाणारा एकटा नसतो

मित्रहो, १९६४ सालची केनियाची गोष्ट सांगतो. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते आणि राजधानी नैरोबीत बेकारी होती. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून एक करार केला. खासगी मालकांनी १० टक्के कामगार जास्त घ्यायचे, सरकारने १५ टक्के घ्यायचे, आणि त्या बदल्यात संघटनांनी पगारवाढ मागायची नाही. नोकऱ्या वाढल्या की बेकार कमी होतील, असा हिशेब होता. पण भरती चालू असल्याची बातमी गावोगाव पोचली, कामाच्या शोधात नवी माणसे शहरात आली आणि बेकारी होती तिथेच राहिली.

माणसे गाव सोडून शहरात का येतात, हे सांगणाऱ्या त्या काळच्या गाजलेल्या सिद्धांतात या प्रकाराला जागा नव्हती. तो सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांचा, १९५४ चा. लुईस सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर जन्मले, मँचेस्टरला शिकवत होते, आणि पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे : शेतीवर गरजेपेक्षा जास्त हात आहेत. दोघांचे काम चार भाऊ करतात, तेव्हा त्यातले दोघे गेले तरी पीक तेवढेच येईल. कारखानदाराने गावातल्या पोटापाण्यापेक्षा थोडे जास्त दिले की माणूस येतो. नफा पुन्हा कारखान्यात गुंततो, आणखी माणसे येतात, आणि शेतीवरचे जादा हात संपेपर्यंत मजुरी फारशी वाढत नाही. सिद्धांत भव्य आहे, मला तो आजही आवडतो. पण त्यात शहरात आलेल्या प्रत्येकाला काम असते.

नैरोबीचे कोडे मायकेल टोडारो आणि जॉन हॅरिस या अर्थशास्त्रज्ञांनी सोडवले. त्यांचा लेख १९७० चा. आकडे मी माझे घेतो. गावात महिन्याला ८ हजार मिळतात, शहरातल्या पक्क्या नोकरीत २० हजार. पण शहरात शंभरातल्या चाळीस जणांनाच ती नोकरी मिळते. २० हजारांचे ४० टक्के म्हणजे ८ हजार. गाव आणि शहर सारखे झाले, माणूस थांबला. आता सरकारने नोकऱ्या वाढवल्या आणि शंभरातल्या पन्नास जणांना काम मिळू लागले. शहराची आशा १० हजारांवर गेली, गावाहून लोक निघाले, आणि प्रमाण पुन्हा चाळिसावर येईपर्यंत येत राहिले. म्हणून शहरात नोकऱ्या वाढवणे एवढाच बेकारीवरचा उपाय असू शकत नाही, गावातली कमाईही वाढवावी लागते. आपली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून आली, वि. स. पागे यांच्या आग्रहातून आली, अर्थशास्त्रातल्या समीकरणातून नाही. तरी तिच्यामागचा विचार हाच आहे.

इथपर्यंत मी टोडारो आणि हॅरिस यांच्याबरोबर आहे. माझी अडचण पुढे सुरू होते.

हे गणित करणारा माणूस एकटा आहे. तो गावात बसून पगार आणि शक्यता यांचा गुणाकार करतो, मग शहरात जाऊन बेकार राहून वाट बघतो. आपल्याकडे गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, पहिल्याच आठवड्यात तो मिळेल ते काम धरतो. शिवाय तो आंधळेपणाने येतच नाही. गिरणगावातला कोकणातला माणूस आठवा. त्याच्या आधी चुलता आलेला असे, राहायला गावकीची खोली असे, जेवायला खानावळ असे, आणि खात्यातल्या मुकादमाशी गाववाल्यांचे बोलणे झालेले असे. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी. लावणीला ती राबत, आणि इकडून मनीऑर्डर जाई.

म्हणजे निर्णय घराचा असतो. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडले. ज्या घराला पीकविमा मिळत नाही आणि ज्याला बँक दारात उभी करत नाही, ते घर एका मुलाला शहरात ठेवते. पाऊस गेला तर मुलगा पैसे पाठवतो, मुलाचे काम सुटले तर शेत त्याला पोसते. पगार किती जास्त, याइतकेच दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी बुडणार नाहीत, हेही महत्त्वाचे. स्टार्क यांनी मार्क रोझेन्झवाइग यांच्याबरोबर १९८९ मध्ये भारतातल्या खेड्यांचा अभ्यास केला. लेकी लांबच्या गावी दिल्या जातात, त्यामागेही हीच सोय असल्याचे त्यांना आढळले. इकडे दुष्काळ असला तरी व्याह्यांकडे पाऊस झालेला असू शकतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि हजारो गावी गेले. तो संप इतका लांबला, त्यात गावच्या भाताचा मोठा वाटा होता. आता हेच उलट बाजूने पाहा. ज्या उद्योगाने या माणसांच्या श्रमावर मुंबई उभी केली, त्याने कामगाराच्या बाळंतिणीचा, त्याच्या आजारपणाचा, त्याच्या म्हातारपणाचा खर्च किती उचलला? बहुतेक सगळा गावाने उचलला. शहराची मजुरी स्वस्त राहते, कारण उरलेले बिल कोकणातली एखादी बाई तिच्या कष्टाने भरत असते. लुईस यांच्या सिद्धांतात मजुरी वाढत नाही, त्याचे कारण जादा हात. मी म्हणेन, तेवढेच कारण नाही.

आणि ज्यांच्याकडे घराचाही आधार नाही, ते निघूच शकत नाहीत. उत्तर बांगलादेशात रंगपूर भागात भातकापणीआधी दरवर्षी ‘मोंगा’ नावाचा उपासमारीचा काळ येई. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या काही घरांना बाहेरगावी कामाला जाण्यासाठी ६०० टका दिले, म्हणजे साधारण बसभाडे आणि काही दिवसांचे जेवण. एरवी न जाणारी बरीच माणसे गेली आणि घरच्यांना जास्त खायला मिळाले. पुढच्या वर्षी पैसे न देताही अनेकजण पुन्हा गेले. मग इतकी वर्षे का गेले नव्हते? कारण जाऊन काम मिळाले नाही तर घर उपाशी. (तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर नेला तेव्हा असे फळ मिळाले नाही, आणि २०१९ मध्ये तो बंद झाला. हेही सांगितले पाहिजे.)

आपल्याकडे बसभाडे कोण देतो? मुकादम, म्हणजे साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीची माणसे जमवणारा ठेकेदार. बीडचा ऊसतोड कामगार शहरात जात नाही, दुसऱ्या खेड्यातल्या फडावर जातो, पण सिद्धांत तपासायला त्याच्यासारखे उदाहरण नाही. गळीत हंगामाआधी नवराबायकोच्या जोडीला मजुरीपोटी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते, जोडी म्हणजे एक कोयता. लग्न, दवाखाना, जुने देणे यांत उचल संपते, आणि मग सहा महिने ती फेडायची. टोडारो यांचा माणूस उद्याच्या आशेवर निघतो. हा माणूस कालच्या खर्चापायी निघतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक तरतूद होती. ठेकेदाराने परराज्यातून कामगार नेला तर त्याला महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता द्यायचा, तोही परत न मागता, मजुरीत न वळवता. घर सोडण्यालाच किंमत असते आणि ती काम करून घेणाऱ्याने द्यायची, हे त्या कायद्याने मान्य केले होते. अंमलबजावणी दुबळी होती, आणि बीडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसतच नव्हता, कारण तो राज्याबाहेर जात नाही. २०२० च्या कामगारविषयक संहितेत तो कायदा विलीन झाला, प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. तो परत आला पाहिजे, आणि राज्यातल्या राज्यात जाणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. उचलीवर जगणाऱ्या जोडीला हंगामाच्या सुरुवातीला न फेडायचे पैसे मिळाले, तर मुकादमापुढे ‘यंदा तुमच्याकडे येत नाही’ म्हणण्याची ताकद तिच्यात येईल.