घराचा हिशेब आणि संसदेतले पंधरा दिवस

[पडद्यावर: लोकसभा, २३ जुलै २०२४]

सकाळी अकरा वाजता अर्थमंत्री निर्मला सीतारामन आपला सलग सातवा अर्थसंकल्प मांडायला उभ्या राहिल्या. निवडणुकीचं वर्ष होतं, म्हणून पूर्ण अर्थसंकल्प जुलैत आला. टीव्हीवर आयकराचे नवे टप्पे झळकू लागले. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा, म्हणजे घर-शेअर अशी मालमत्ता बराच काळ बाळगून विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरचा कर आता सरसकट साडेबारा टक्के, हेही लोकांनी ऐकलं. घरांवर आधी हा दर वीस टक्के होता. वीसचे साडेबारा झाले म्हटल्यावर पहिल्या तासाभरात अनेकांना ही सवलतच वाटली.

दुपारी वित्त विधेयक, म्हणजे कराचे प्रस्ताव कायद्यात आणणारं विधेयक, आणि त्यासोबतची कागदपत्रं चाळली गेली, आणि सीए मंडळींचे फोन वाजायला लागले. दर कमी झाला होता, पण इंडेक्सेशन गेलं होतं. तेही त्याच दिवसापासून. आदल्या दिवशी घराचं खरेदीखत झालेल्याला एक नियम, आणि विसार घेऊन ठेवलेल्या, पण खरेदीखत पुढच्या आठवड्यात असलेल्या माणसाला दुसरा.

इंडेक्सेशन म्हणजे काय, ते एका घराच्या हिशेबातून पाहू.

[पडद्यावर: आकडे एकेक करून उमटतात]

समजा, डोंबिवलीतला एक फ्लॅट. २००९-१० या वर्षात तीस लाखांना घेतलेला. कर्ज काढून, हप्ते भरून. २०२४ मध्ये तो पंचाहत्तर लाखांना विकला. नफा किती? कागदावर पंचेचाळीस लाख. पण या पंधरा वर्षांत रुपयाची किंमत काय राहिली, हे किराणा भरणारा कोणीही सांगेल. २००९ चे तीस लाख आणि २०२४ चे तीस लाख एक नव्हेत.

हे मान्य करूनच आयकर कायदा दरवर्षी एक महागाई निर्देशांक जाहीर करत आला. २००१-०२ साठी तो १००. २००९-१० साठी १४८. २०२४-२५ साठी ३६३. तीस लाखांना ३६३ ने गुणा, १४८ ने भागा. उत्तर येतं साधारण ७३ लाख ५८ हजार. हेच इंडेक्सेशन: कायद्याच्या नजरेत या घराची आजच्या रुपयांतली खरेदी किंमत साडेत्र्याहत्तर लाखांच्या वर. खरा नफा जेमतेम एक लाख बेचाळीस हजार. त्यावर वीस टक्के, म्हणजे सुमारे २८ हजार रुपये कर.

आता तोच फ्लॅट नव्या नियमाने. पंचेचाळीस लाखांवर साडेबारा टक्के. ५ लाख ६२ हजार ५०० रुपये. उपकर वेगळा.

२८ हजार कुठे आणि साडेपाच लाखांच्या वर कुठे! घर तेच, विकणारा तोच, फरक पडला तो विधेयकातल्या काही ओळींमुळे.

सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे. अर्थमंत्रालयाचं म्हणणं असं की, निरनिराळ्या मालमत्तांना निरनिराळे दर आणि निरनिराळे हिशेब यांचा गुंता सोडवायचा आहे. शिवाय घरांच्या किमती महागाईपेक्षा बऱ्याच जास्त वाढतात, त्यामुळे बहुतेकांना नवा दरच फायद्याचा ठरेल. २००१ पूर्वीच्या घरांसाठी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरण्याची सोय कायम आहे, हा खुलासाही लगेच झाला.

हे म्हणणं आपल्या फ्लॅटला लावून पाहू. डोंबिवलीचं तेच घर किती लाखांना विकलं असतं, तर जुना आणि नवा कर सारखा आला असता? उत्तर आहे साधारण १ कोटी ४६ लाख. तीस लाखांचे पंधरा वर्षांत एक कोटी शेहेचाळीस. म्हणजे दरसाल अकरा टक्क्यांच्या वर वाढ, तीही सलग पंधरा वर्षं. मुंबईच्या काही भागांत, एखाद्या आयटी पार्कच्या शेजारी अशी वाढ झालीही असेल. पण सोलापूर, लातूर, इचलकरंजी, मडगाव इथल्या जुन्या सोसायटीतला, लिफ्ट नसलेला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट? नव्या नियमाचा भार नेमका ज्यांची घरं फारशी वधारली नाहीत त्यांच्यावर पडत होता. आणि ज्यांच्या जागेचं सोनं झालं, त्यांचा कर कमी होत होता. माझ्या मते मूळ तरतुदीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच होता.

एक घर विकून दुसरं घेणाऱ्याला कलम ५४ ची सूट होतीच, ती गेली नाही. अडचण होती ती घर विकून पैसे हातात हवे असलेल्यांची. आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, आईवडिलांच्या पश्चात बहीणभावांच्या वाटण्या करण्यासाठी घर विकणाऱ्यांची.

[पडद्यावर: संसद भवन, पावसाळी अधिवेशन]

आता सभागृहात काय झालं ते पाहू.

राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. म्हणून दरवर्षी वित्त विधेयक. ते धन विधेयक म्हणून मांडलं जातं, त्यामुळे शेवटचा शब्द लोकसभेचा. राज्यसभा शिफारशी करू शकते, तेही चौदा दिवसांच्या आत, आणि त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते.

जुलैअखेरीस अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा झाली. विरोधकांनी इंडेक्सेशनचा मुद्दा लावून धरला. बाहेर बांधकाम क्षेत्र, करसल्लागार, आणि सरकारचे एरवीचे समर्थकसुद्धा बोलू लागले. व्हॉट्सअॅपवर लोक आपापल्या घरांचे हिशेब एकमेकांना पाठवत होते. खासदारांच्या हातात तयार आकडे पडले ते असे, मतदारांकडून.

७ ऑगस्ट २०२४. सरकारने स्वतःच दुरुस्ती आणली आणि लोकसभेने विधेयक मंजूर केलं. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत विकली, तर दोन्ही पद्धतींनी कर काढायचा. इंडेक्सेशनसह वीस टक्के आणि इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के. यांतला जो कमी असेल, तेवढाच भरायचा. डोंबिवलीच्या घराचा कर पुन्हा २८ हजारांवर आला.

पंधरा दिवसांत एवढा बदल! संसद ऐकते, याचा हा पुरावा आहे आणि तो मी मनापासून मानतो. पण दुरुस्तीचा मजकूर बारकाईने वाचला, की घाईच्या खुणा दिसतात.

ही सोय फक्त व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना, आणि त्यातही फक्त निवासी करदात्यांना आहे. म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत नोकरी करणारा मराठी माणूस कोथरूडमधला, पंधरा वर्षं हप्ते फेडलेला फ्लॅट विकायला निघाला, तर त्याला ही निवड नाही. त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याला आहे. दोघांनी एकाच बिल्डरकडून, एकाच वर्षी घर घेतलेलं. २३ जुलैनंतर घर घेणाऱ्यांसाठी तर इंडेक्सेशन कायमचं गेलं. आज तिशीत असलेलं जोडपं २०४० मध्ये आपलं घर विकेल, तेव्हा महागाईचा विचार त्यांच्या करात असणार नाही.

याच संसदेने आधी काय केलं होतं, तेही आठवा. २०१८ मध्ये शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, एक लाखावरच्या नफ्याला दहा टक्के. तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची भाववाढ करमुक्त ठेवण्याची काळजी मूळ विधेयकातच घेतली होती. शेअर बाळगणाऱ्याला पहिल्या दिवसापासून जुन्या व्यवहारांचं संरक्षण, आणि घर बाळगणाऱ्याला मात्र ओरड झाल्यावर. आणि २०१८ चं ते वित्त विधेयक लोकसभेत मंजूर झालं ते १४ मार्चला, गदारोळात, चर्चेविना. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्याही गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता, एकत्र मताला टाकून संमत झाल्या.

[पडद्यावर: बँकेची शाखा, गृहकर्जाचा टेबल]

कर हा घराच्या हिशेबाचा शेवट झाला. सुरुवात कर्जापासून होते, आणि तिथेही वित्त विधेयकच भेटतं.

पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण ४३ हजार ४००. पहिल्या वर्षी फक्त व्याजापोटी सुमारे ४ लाख २० हजार जातात. यातलं किती करातून वजा होतं? राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन लाख. ही मर्यादा २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी दीड लाखावरून दोन लाखांवर नेली. त्यानंतर ती हललेली नाही. आणि ती मिळते फक्त जुन्या करप्रणालीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. दर कमी आहेत हे खरं. पण गृहकर्जाची सवलत रद्द करायची का, असा सरळ प्रश्न सभागृहापुढे कधी आलाच नाही. ती जुन्या प्रणालीत ठेवली गेली आणि लोक तिथून नव्या प्रणालीत सरकत गेले.

व्याजदरांची दिशा कोण ठरवतं? रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तिने रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र वाढत गेली. आपलं कर्ज निवृत्तीच्या पुढे गेलंय, हे लोकांना स्टेटमेंट काढल्यावर कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा, आणि स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही द्या.

ही पतधोरण समिती कायद्यात आली ती २०१६ च्या वित्त कायद्यातून. गृहवित्त कंपन्यांवरचं नियमन राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे गेलं, तेही २०१९ च्या वित्त कायद्यातून. त्याच नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या डीएचएफएल या बड्या गृहवित्त कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं. निर्णय चुकीचे होते असं मी म्हणत नाही. कंपन्यांवरची देखरेख बदलायलाच हवी होती. पण असे पायाभूत बदल कराच्या कलमांच्या गर्दीत मंजूर व्हावेत, त्यांना स्वतंत्र चर्चेचा एक दिवसही मिळू नये, हे कर्जदाराच्या हिताचं नाही.

[पडद्यावर: नवा आयकर कायदा, मुखपृष्ठ]

कलमवार छाननी झाली, तर काय घडतं? याचं उदाहरण फार जुनं नाही.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी नवं आयकर विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि प्रवर समितीकडे गेलं. बैजयंत पांडा अध्यक्ष, एकतीस सदस्य. २१ जुलैला समितीचा अहवाल आला. घरमालमत्तेच्या कलमांवर समितीने बोट ठेवलं. भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के वजावट धरायची ती पालिकेचा कर वजा केल्यानंतरच्या रकमेवर, हे स्पष्ट लिहा. आणि घराचा ताबा मिळण्यापूर्वी भरलेल्या व्याजाची वजावट भाड्याने दिलेल्या घरालाही द्या.

ही दुसरी शिफारस ऐकायला किरकोळ वाटते. पण बिल्डरने चार-चार वर्षं ताबा रखडवला, त्या काळात बँकेचं व्याज सुरूच राहिलं, आणि शेवटी घर भाड्याने द्यावं लागलं, अशी कुटुंबं ठाणे, पनवेल, पिंपरी-चिंचवडला कितीतरी आहेत. मसुद्यातला एक गाळलेला उल्लेख तसाच राहिला असता, तर त्यांची हक्काची वजावट वादात सापडली असती. समितीतल्या सदस्यांनी आणि तिच्यापुढे म्हणणं मांडणाऱ्यांनी तो हेरला. त्यासाठी कोणाला घोषणा द्याव्या लागल्या नाहीत.

मूळ विधेयक ८ ऑगस्टला मागे घेतलं गेलं. सुधारित विधेयक ११ ऑगस्टला मांडलं आणि त्याच दिवशी, विरोधकांच्या गदारोळात, आवाजी मतदानाने मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही. पाचशेहून अधिक कलमांचा कायदा, आणि सभागृहात त्यावर जवळपास बोलणं नाही. त्यातलं घरांविषयीचं काम टिकलं, ते आधीचे पाच महिने समितीत झालं होतं म्हणून.

वित्त विधेयकाला मात्र ही पायरीच नाही. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या १९९३ पासून संसदेच्या स्थायी समित्यांकडे छाननीसाठी जातात. त्यासाठी अर्थसंकल्पी अधिवेशनात एरवी काही आठवड्यांची सुट्टीही असते. कराच्या प्रस्तावांना तसं कोणी तपासत नाही. त्याच सुट्टीत, त्याच खोल्यांमध्ये वित्त विधेयकाची कलमं अर्थविषयक समितीपुढे ठेवता येतील. सीए, बँकांचे प्रतिनिधी, गृहनिर्माण सोसायट्यांचे महासंघ, सगळ्यांना साक्षीला बोलावता येईल. १ फेब्रुवारीला विधेयक आलं, तर मार्चअखेरपर्यंत दोन महिने हातात असतात.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाच्या कार्यपद्धतीचे नियम बदलले, तरी पुरे. ही मागणी आपल्या मतदारसंघाच्या खासदारापुढे ठेवायची वेळ आत्ताची आहे, पुढचं वित्त विधेयक छापून येण्याच्या आधीची.