टॉवेलची चमक आणि बुरशीची भिंत

नमस्कार मंडळी! टॉवेल-चादरीचं सोलापूरकरांना मी काय सांगणार, पण पांढरा टॉवेल नुसत्या धुण्याने एवढा पांढरा दिसत नाही हे तुम्हालाही माहितीये, त्याला ऑप्टिकल ब्राइटनर मारलेलं असतं, घरी टिनोपाल, रानीपाल वापरायचे ना, तसलंच. ते न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट घेतं आणि निळसर उजेड सोडतं.

याच जातीचा एक डाय, कॅल्कोफ्लोर व्हाइट, लॅबमध्ये बुरशी शोधायला वापरतात. कापसात सेल्युलोज, बुरशीच्या भिंतीत कायटिन, दोन्ही साखरेसारख्या कणांच्या लांब साखळ्या, आणि त्यांची जोडणी सारखीच, म्हणून हा दोन्हीला चिकटतो. बुबुळाच्या जखमेतून खरवडलेला नमुना, थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, वर डायचा थेंब, की फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली काळ्यावर निळे-पांढरे तंतू लख्ख दिसतात.

पण बुरशी जिवंत असली ना, की हा डाय नुसता दाखवायचं काम करत नाही, चक्क कारभारात घुसतो. कायटिनच्या ताज्या साखळ्या बाहेर पडून एकमेकींना बिलगून घट्ट धागा व्हायच्या असतात, तेवढ्यात हा मध्ये जाऊन बसतो, म्हणजे पीळच न बसलेलं सूत म्हणा. बुरशीचा तंतू वाढतो फक्त टोकाला, त्यामुळे दणका तिथेच, टोक फुगतं, कधी फाटकन फुटतं, मागची जुनी भिंत मात्र बऱ्यापैकी शाबूत. यीस्टची, म्हणजे एकेका पेशीच्या, अंगावर पिल्लू फुटून वाढणाऱ्या बुरशीची तऱ्हा वेगळी, मधला पडदा जाड होतो आणि पिल्लू आईपासून सुटतच नाही, नुसते घोस. फुटायला आतलं प्रेशर कारण, म्हणून बाहेर सॉर्बिटॉल (साखरेसारखा पदार्थ) घालून ते प्रेशर सावरलं की बऱ्याच पेशी तगतात.

आणि कायटिन कमी पडतं म्हणून हे होतं असं वाटेल, तर नाही! १९८५ मध्ये स्पेनच्या रोन्सेरो आणि दुरान यांनी दाखवलं की कॅल्कोफ्लोर आणि काँगो रेड (हाही मूळचा कापूस रंगवायचाच) घातला की कायटिन उलट जास्त बनतं, फक्त नीट रचलं जात नाही. म्हणून जिवंत बुरशीचा चकचकीत फोटो कुणी दाखवला तर मी आधी विचारतो, डाय किती घातलावता?

बरं, नायट्यावर टिनोपाल चोळायला जाऊ नका हां, डॉक्टरकडे जा.

पुढची गंमत म्हणजे हा डाय पचवून जगणारी यीस्ट लोकांनी मुद्दाम निवडली, तर तिच्यात कायटिन बनवणारं एक एन्झाइमच बिघडलेलं निघालं, डायला धरायला फारसं काही उरलंच नाही, आणि त्याच यीस्टवरून त्या एन्झाइमचा सीएचएस-३ हा जीन हाती लागला.