सिरोसिसचा पेशंट आणि रोबोटचे हात

मे 2023. अमेरिकेतलं सेंट लुईस, बार्न्स-ज्यूइश हॉस्पिटल. पेशंट साठीतला, हेपटायटिस सी मुळे सिरोसिस, म्हणजे लिव्हर खराब होत कडक झालेलं, वर लिव्हरचा कॅन्सरपण. आणि सर्जन आदिल खान टेबलापाशी नाहीतच, ते बाजूला कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या मशीनमध्ये, डोकं घालून बसलेत. अख्खं लिव्हर ट्रान्सप्लांट रोबोटने, अमेरिकेत पहिल्यांदाच.

आता रोबोट म्हटलं की लोकांना वाटतं मशीन आपलं आपण कापत सुटतं. तसलं काही नाही हां. डॉक्टरांची बोटं हलली तरच आतली अवजारं हलतात, फक्त हाताची थरथर मशीन गाळून टाकतं, आतलं चित्र मोठं करून थ्रीडी दिसतं आणि त्या अवजाराचं मनगट आपल्या मनगटापेक्षा जास्त वळतं.

पण एवढा खटाटोप कशाला? तर सिरोसिसमध्ये खुद्द पोटावरचा छेदच महागात पडतो. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. ते कडक झालं की रक्त मागे तुंबतं, आणि खंबाटकीत जाम लागल्यावर गाड्या मिळेल त्या रस्त्याने घुसतात ना, तसं ते अन्ननलिकेच्या, बेंबीभोवतीच्या बारीक नसांमधून वाट काढतं, त्या नसा फुगतात, त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स आधीच कमी. अशा पोटावर बरगडीखालून लांबलचक चीर दिली की वाटेतल्या फुगलेल्या नसा पण कापल्या जातात, आणि मग ऑपरेशननंतर पोटात पाणी साठायचा त्रास वाढतो. रोबोटची भोकं जेमतेम 8 मिलिमीटरची, त्यामुळे पोटाची भिंत बरीचशी शाबूत राहते.

ट्रान्सप्लांट नाही, नुसती लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढायची असेल तर हे बघा, स्क्रीनवर. काढायच्या भागाचा रक्तपुरवठा बंद केला, शिरेतून आयसीजी नावाचा डाय दिला, कॅमेरा इन्फ्रारेडवर टाकला, आणि बाकीचं लिव्हर हिरवं चमकायला लागलं, तेवढा एक तुकडा मात्र काळाच. त्या सीमेवरूनच कापत जायचं. रक्त फार जाऊ नये म्हणून लिव्हरकडे येणाऱ्या नळ्या पट्टीने आवळतात, साधारण 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं सुरू. ही युक्ती 1908 ची, ग्लासगोच्या प्रिंगल यांची, रोबोट आला तरी तीच चालते.

सगळ्या पेशंटना हे चालत नाही, तेही सांगायला हवं. सिरोसिसमध्ये गाठ काढल्यावर कमीत कमी 40 टक्के लिव्हर मागे राहायला लागतं, आणि ते फारच खराब असेल तर तुकडा काढायचा विषयच नाही, ट्रान्सप्लांटच. बहुतेक मशीनमध्ये सर्जनच्या हाताला स्पर्श कळत नाही. मोठा रक्तस्राव झाला तर पोट उघडावंच लागतं. म्हणून माझं मत, हॉस्पिटलमध्ये रोबोट आहे का यापेक्षा त्या सर्जनने लिव्हरच्या किती केसेस केल्यात ते आधी विचारा.

सेंट लुईसच्या ऑपरेशनला आठ तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, नवीन लिव्हर आत घालायला सहा इंचाचा छेद द्यावाच लागला. महिन्याभरात पेशंट आरामात चालत होता, पोहायची आणि गोल्फची पण परवानगी मिळाली.

आपल्याकडे बहुतेक लिव्हर घरातलंच कोणीतरी देतं, बायको, मुलगा, भाऊ. म्हणजे पेशंटच्या जोडीला एक धडधाकट माणूसही टेबलावर जातो. रोबोटने त्याच्या लिव्हरचा तुकडा ओटीपोटातून, सिझेरियनच्या जागेवरून बाहेर काढता येतो, आणि वर राहतात फक्त चार-पाच बारीक खुणा.